सबनीसबाईंचं भुयार

सबनीसबाई मला कधीच आवडल्या नाहीत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर आता हिचं मन पाघळेल, मग पाघळेल, अशी वाट बघत बसाल. तसलं काही होणार नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात, पण बाई काही गेलेल्या नाहीत. ठणठणीत आहेत. आणि गेल्या असत्या तरी माझं तोंड बदललं नसतं.

आमची गाठ पडली सांगलीत, हरिपूर रस्त्याला, एका जुन्या हळद व्यापाऱ्याच्या घरात. शेटजींचे वारस पुण्याला. घर विकायचं की ठेवायचं यावरून भावाभावांत धुसफूस चालली होती. शेवटी त्यांनी ट्रस्ट केला आणि घराचं संग्रहालय झालं. पेढीवरची गादी, लोड, छताला टांगलेली भलीमोठी तागडी, माजघरातली तांब्यापितळेची भांडी, झोपाळा, सगळं जिथल्या तिथे ठेवलेलं. पगारी माणूस एकच, वॉचमन. घर दाखवायला आमच्यासारखी रिकामी मंडळी, आपल्या हौसेनं आलेली. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. जन्मभर एक्स्चेंजमध्ये बसून दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली. आता चार माणसांसमोर आपणही बोलावं म्हणून नाव दिलं. गेल्यावर कळलं की बोलायचं सबनीसबाईंनी आणि आम्ही माणसं रांगेत लावायची.

बाई मूळच्या वाईच्या. तिथल्या शाळेत आधी मराठी शिकवायच्या, पुढे मुख्याध्यापिका झाल्या. निवृत्तीनंतर सांगलीला धाकट्या बहिणीकडे राहायला आल्या. बहीण बिचारी किती दिवस शिस्तीत राहणार? तिनेच त्यांना हे संग्रहालय सुचवलं असणार, अशी माझी पक्की खात्री आहे. बुटकी, ताठ मूर्ती. कडक इस्त्रीची सुती साडी, पिन लावलेला पदर आणि हातात लाकडी फूटपट्टी. पट्टीनं वस्तू दाखवायच्या आणि पट्टीनंच माणसं मागे सारायची. आलेल्या लोकांना त्या 'तुकडी' म्हणत. "टेलिफोन, पुढची तुकडी आणा!" टेलिफोन म्हणजे मी. मला नाव होतं, आडनाव होतं, घरी दोन सुनांची मी सासू होते, पण बाईंच्या लेखी मी टेलिफोन.

तुकडी दारात आली की पहिली आज्ञा सुटायची, "हात मागे!" आणि गंमत बघा, लोक घ्यायचे हो हात मागे! वकील घ्यायचे, डॉक्टर घ्यायचे. दहिवडीकडचे एक निवृत्त सुभेदार आले होते, भरघोस मिशांचे. ते तर टाचा जुळवून उभे राहिले. बाहेर पडताना मला हळूच म्हणाले, "आवं ताई, पलटणीत हुतो तवा बी येवढी भीती न्हाई वाटली." कुणी काही विचारायला तोंड उघडलं की बाई पट्टी वर करायच्या. "प्रश्न शेवटी." आणि शेवटी पोचेपर्यंत पुढची तुकडी दारात उभी असायची. त्या घरात कुणाला कधी एका प्रश्नाचं उत्तर मिळालं असेल तर माझं नाव बदला.

एकदा तासगावकडची एक पोर आली होती, दिवस भरत आलेले. माजघरापर्यंत आली आणि घामाघूम होऊन झोपाळ्यावर टेकली. टेकली म्हणजे काय, नुसती कड धरली. बाईंनी पट्टी झोपाळ्याच्या कडीवर आपटली. "उठा. हे बसायचं घर नाही, बघायचं घर आहे." पोर कावरीबावरी होऊन उठली. नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. मी वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची ओढत आणली आणि तिला बसवलं. संध्याकाळी बाईंनी मला सुनावलं, "प्लास्टिक आत आणलंत. घराचा काळ बिघडवलात." मी म्हटलं, "बाई, त्या पोरीचं बाळंतपण माजघरात झालं असतं, तर काळ अगदी बरोबर जुळला असता." त्या हसल्या नाहीत. हसायचं काही घडलं की त्या पदराची पिन चाचपत.

आता खरं ते सांगते. बाईंच्या गुणांनाही नाही म्हणता येत नाही. आवाज असा की मागच्या परसात कुजबुजल्या तरी पुढच्या ओटीवर ऐकू जावं. एक दिवस खाडा नाही. चहासुद्धा घरचा थर्मास भरून आणायच्या, ट्रस्टचा घेत नसत. पण वक्तशीरपणा हा काही दयेचा नातेवाईक नव्हे. माझ्या सासूबाईही वक्तशीरच होत्या.

या सगळ्याचा कळस म्हणजे ते भुयार. मागच्या परसात, जुन्या चाफ्याशेजारी, दगडी कड असलेलं एक तोंड होतं. एवढंसं, माणूस अंग चोरून उतरेल असं. त्यावर लाकडी झाकण. तुकडी तिथे आली की बाई आधी सगळ्यांना गप्प करायच्या. मग वॉचमन झाकण सरकवायचा आणि बाई बॅटरी तिरपी धरून आत उजेड टाकायच्या. खाली नुसता काळोख. मग तो आवाज लागायचा.

"शेटजींच्या वडिलांनी चळवळीच्या काळात या घरात भूमिगतांना आश्रय दिला. भूमिगत! विग्रह करा. भूमी, गत. भूमीत गेलेले. कुठल्या भूमीत?" पट्टी खाली वळायची. "या! हे भुयार थेट कृष्णेच्या पात्रापर्यंत जातं."

पोरं "आऽऽ" करायची. मोठी माणसंसुद्धा नमस्कार करायची. आणि मी मागे उभी राहून कपाळाला हात लावायची. अहो, आमच्या सांगली-साताऱ्याकडे शेंबडं पोरही सांगेल भूमिगत म्हणजे काय ते. उसात झोपलेले, आज या गावात तर उद्या त्या वस्तीवर भाकरी खाल्लेले, पोलिसांना गुंगारा दिलेले लोक. शेटजींच्या घरच्यांनी सांगितलं असणार, की आमच्या आजोबांनी भूमिगतांना जेवू घातलं. बाईंनी त्याचा समास सोडवला आणि सगळ्यांना खड्ड्यात घातलं. मराठीच्या मास्तरणीशिवाय ही चूक दुसऱ्या कुणाला जमली नसती.

कारण ते भुयार नव्हतंच. ते पेव होतं. माझं माहेर हरिपूरचं. पेवं बघतच मी मोठी झाले. जमिनीत खोल खणलेला खड्डा, वर तोंड निमुळतं, आत पोट मोठं. आतून लिंपायचा, हळदीनं भरायचा, तोंड मातीनं बंद करायचं. हळद वर्षानुवर्षं टिकते, भुंगा लागत नाही. पोट मोठं म्हणूनच तर बाईंची तिरपी बॅटरी कुठल्या भिंतीला लागत नव्हती.

मी गेल्या गेल्याच त्यांना सांगितलं होतं. "बाई, हे पेव आहे."

"पेव फुटतं, टेलिफोन," बाई म्हणाल्या. "तो वाक्प्रचार आहे. वाक्यात उपयोग करा म्हणून परीक्षेला येतो."

"अहो, वाक्प्रचार नंतरचा. आधी खड्डा."

"वाईला आम्ही असला खड्डा कधी बघितला नाही."

वाईला नाही म्हणजे जगात नाही. संपलं. मीही म्हटलं, जाऊ दे, कुणाचं काय बिघडतंय? पोरांना गंमत वाटते ना, वाटू दे. तेव्हा कुणाचं बिघडतंय ते मला माहीत नव्हतं.

ते कळलं श्रावणात. जतकडची एक म्हातारी आली, गंगव्वा. काष्टा घातलेलं हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, बरोबर मुलगा. तो टेम्पो चालवायचा. म्हातारीच्या हातात कापडी पिशवी होती. तिनं झोपाळा बघितला नाही, तागडी बघितली नाही. हात मागे घ्या म्हटलं तरी पिशवी पोटाशी धरूनच चालली. परसात आली आणि त्या दगडी कडेशी मटकन खाली बसली.

बाईंची पट्टी वर गेली. "आजी, मागे सरका. भुयार आहे."

"कसलं भुयार वं बाई? ह्ये प्याव हाय," गंगव्वा म्हणाली. "माजा बा ह्यात गेला."

म्हातारी कुणाला ऐकवायला बोलत नव्हती, त्या दगडाशीच बोलत होती. तिचा बाप शिवाप्पा, जतकडून हमालीला आलेला. तिकडे पाऊस नाही, मग माणसं इकडे हळदीच्या कामाला यायची. पेव फोडलं की आत वाईट हवा कोंडलेली असते. म्हणून आधी पेटता कंदील दोरीनं खाली सोडायचा. तो विझला तर उतरायचं नाही, तोंड उघडं ठेवून थांबायचं. जळत राहिला तरच माणूस उतरायचा. ही रीत.

"त्या दिशी वेपारी दारात हुबा हुता. शेटजीला घाई. म्हनला, उतर रं शिवाप्पा, कंदील कशाला, कालच तर बाजूचं फोडलंय. बा उतारला." तिनं दगडावर हात फिरवला. "मी लान हुते. आईसंगं हितंच बसले हुते. मानसांनी दोरीनं वर काडला तवा अंगभर हळद. लगनातल्या नवऱ्यावानी पिवळा दिसत हुता. मला वाटलं, हसतुया."

तिनं पिशवीतून कंदील काढला. जुनाच, पण काच घासूनपुसून लख्ख केलेली. "तवा कुनी सोडला न्हाई. मी आज सोडती. तेवडंच राहिलंय माजं. मग मराया मोकळी."

तुकडीतल्या बायकांनी डोळ्याला पदर लावले. आणि सबनीसबाई काय म्हणाल्या माहीत आहे?

"आजी, तुमचं घर चुकलंय. या वास्तूत कुणीही मेलेलं नाही."

मुलगा पुढे झाला. "बाई, आमची आय खोटं बोलंल व्हय?"

"खोटं म्हणत नाही. वय झालं की असा गोंधळ होतो. आणि आत ज्वलनशील वस्तू आणायला बंदी आहे. टेलिफोन, यांना बाहेर सोडा. पुढची तुकडी."

मी त्यांना बाहेर सोडलं. हो, सोडलं. म्हातारीनं कंदील परत पिशवीत ठेवला. फाटकाशी थांबून मला विचारलं, "तुमी तरी सांगा वं ताई, प्याव हाय का न्हाई?" मी म्हटलं, "आहे आजी. मी हरिपूरची." तिनं माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. त्या बोटांचा आवाज मला दिवसभर ऐकू येत होता.

तिथून आत गेले ती भांडायलाच. वॉचमन फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला, एवढं भांडले. बाई थर्मासमधून चहा ओतत होत्या. माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "ते पेव आहे हे मला माहीत आहे."

मी गार पडले.

"तुम्ही सांगितलंत त्याच आठवड्यात मी हरिपूरला जाऊन बघून आले. तसंच तोंड, तसंच पोट. मग?"

"मग? मग खोटं का सांगता?"

"भुयार नव्हतं तेव्हा इथे काळं कुत्रं फिरकत नव्हतं. हळदीचा खड्डा बघायला कोण येतं हो? ट्रस्टी घर बिल्डरला द्यायला निघाले होते. भुयार आलं आणि शाळांच्या सहली आल्या. हे घर आज माझ्या भुयारावर उभं आहे." कप खाली ठेवला. "आणि आता तिथे हमाल मेला म्हणून सांगू? पोरांना? कुठली शाळा पाठवेल?"

अडाणी माणसाची चूक मी पोटात घातली असती. ही जाणून केलेली होती. बाईंच्याच विग्रहानं बघितलं तर त्या घरातला खरा भूमिगत एकच, शिवाप्पा, आणि त्यालाच त्या तिथून हाकलत होत्या. मी तसं तोंडावर सांगितलं. त्या म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नका."

जन्मभर दुसऱ्यांचे फोन लावले, म्हटलं आता स्वतःचा लावू. पुण्याच्या ट्रस्टींना लावला. शेटजींचा नातू, बोलायला गोड. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, पेव म्हणजे काय?" ज्या पेवांवर यांच्या तीन पिढ्या तूप-पोळी जेवल्या, त्या पेवाचा अर्थ मी याला फोनवर सांगायचा! सांगितला. मग म्हणाला, "सॅड आहे. पण मॅडम बघतात ना सगळं, त्यांना विचारतो." त्यानं काय विचारलं आणि त्यांनी काय सांगितलं देव जाणे. फोन पुन्हा आला नाही.

मग मी जतला लावला. गंगव्वाच्या मुलाचा नंबर त्या दिवशी फाटकाशी घेऊन ठेवला होता. त्याला म्हटलं, "रविवारी आईला घेऊन या. तिकीट काढून या. मीही तिकीट काढून येते. तिकीट काढलेल्या माणसाला कोण अडवतंय बघू."

रविवारी टेम्पो भरून माणसं आली. गंगव्वाच्या सुना, भाचे, भावकी. सगळ्यांनी तिकिटं काढली. बाईंनी दारात मला बघितलं, त्यांना बघितलं, पदराची पिन चाचपली आणि म्हणाल्या, "हात मागे." सगळ्यांनी घेतले. तागडी बघितली, झोपाळा बघितला, भांडी बघितली, कुणी चकार शब्द काढला नाही. सबंध घर मुक्यानं चाललं होतं. बाईंचा आवाज पहिल्यांदाच मला जरा पातळ वाटला.

परसात वॉचमननं झाकण सरकवलं. बाईंनी बॅटरी तिरपी धरली. "हे भुयार थेट कृष्णेच्या..."

गंगव्वा तोवर खाली बसून कंदील पेटवत होती. बाई ओरडल्या, "वॉचमन!" वॉचमन होता कवलापूरचा, त्याच्या घरी हळदच पिकायची. तो चाफ्याकडे बघत राहिला. मुलानं दोरी बांधली. म्हातारीनं दोरी हातात घेतली, तोंडानं काहीतरी कानडीत पुटपुटली आणि कंदील आत सोडला.

उजेड खाली गेला तशी आतली गोल भिंत दिसायला लागली. लिंपलेली, अजून पिवळसर. सगळ्या बाजूंनी बंद. कंदील खाली खाली गेला, ज्योत लहान झाली, निळी झाली आणि तळाच्या थोडी वर असतानाच विझली.

भुयाराला दुसरं तोंड असतं तर हवा असती. हवा असती तर दिवा जळला असता. हे मला सांगावं लागलं नाही, लहान पोरांनासुद्धा कळलं. गंगव्वा आत वाकली आणि काळोखात म्हणाली, "बा, उतरू नगंस. ईझला बग."

मग मात्र ती रडली. मोठ्यानं, लहान मुलीसारखी, त्या दगडावर डोकं टेकून. सुना तिला धरून बसल्या. मी सबनीसबाईंकडे बघितलं. एवढं सगळं डोळ्यांदेखत झाल्यावर तरी ही बाई म्हातारीच्या खांद्यावर हात ठेवेल असं मला वाटलं. त्या पेवात बघत होत्या. टक लावून, भुवया आक्रसून, बाजारात चांगली भाजी बघावी तशा. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

मी पुन्हा त्या घरात गेले नाही. पुढे हिवाळ्यात हरिपूरला भावाकडे निघाले होते. रिक्षा त्या फाटकासमोर अडली, सहलीच्या बस वळत होत्या. परसातून तो आवाज स्वच्छ ऐकू आला. मी उतरले आणि फाटकाच्या गजांतून बघितलं.

शाळेच्या मुली गोल करून उभ्या होत्या. मध्ये सबनीसबाई. हातात पट्टी नव्हती, दोरी होती, आणि दोरीला नवा कोरा कंदील. तो त्या आत सोडत होत्या. "बघा, बघा... गेला! विझला की नाही? इतकं हे भुयार खोल आणि लांब आहे की दिवासुद्धा पलीकडे पोचत नाही!"

मुलींनी टाळ्या वाजवल्या.

हिनं तेही घेतलं. गंगव्वाचा कंदील घेतला, रीत घेतली, विझणं घेतलं आणि आपल्या खोट्याला जोडून टाकलं. तेवढ्यात पुढची एक चष्मेवाली मुलगी, हात मागे ठेवूनच, म्हणाली, "बाई, मग यात माणसं कशी गेली? ती मेली नाहीत?"

बाई थांबल्या. क्षणभर थांबल्या, हे मला कबूल करायला हवं. मग म्हणाल्या, "गेली ना. आणि सगळी सुखरूप बाहेर आली."

मी गज धरून, होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडले, "शिवाप्पा नाही आला!"

सगळ्या मुली माझ्याकडे वळल्या. बाईंनी मान वळवली नाही. त्या दोरी ओढत होत्या आणि विझलेला कंदील काळोखातून हळूहळू वर येत होता.